चारही ऑप्शन बरोबर वाटतात तेव्हा: नर्सिंगच्या परीक्षेतले आजार आणि औषधं नेमकी वाचायची कशी

"मॅडम, चारही उत्तरं बरोबर आहेत, मग माझंच चूक कसं?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता "मॅडम, चा..." एवढं कानावर आलं तरी पुढचं कळतं. आणि गंमत म्हणजे विचारणारीचं म्हणणं बऱ्याचदा खरं असतं, चारही खरंच बरोबर असतात.

एक प्रश्न घेऊ. पेशंट ६८ वर्षांचे, हार्ट फेल्युअर, डिगॉक्सिन आणि फ्युरोसेमाइड चालू. सकाळी म्हणतात खायची इच्छाच नाही, मळमळतंय. नाडी ५४, पोटॅशियम ३.०. नर्स सगळ्यात आधी काय करेल? मळमळीचं औषध देईल, पोटॅशियम कुठल्या खाण्यातून मिळतं ते समजावेल, डिगॉक्सिनचा सकाळचा डोस थांबवेल, की वजन करून चार्टवर लिहील?

चारही कामं नर्सचीच आहेत, एकही वेडगळ नाही. गोम आहे ती "आधी" या शब्दात. आणि तो शब्द सोडवायला औषधाचं नाव पाठ असून भागत नाही, ते औषध आत जाऊन काय करतंय हे डोळ्यासमोर यावं लागतं. ते आलं की निम्मं पाठांतर आपोआप गळून पडतं, आणि या प्रश्नाचं उत्तरही तिथूनच निघतं.

आजार म्हणजे काय बिघडलंय, ते एका वाक्यात सांगा

हार्ट फेल्युअर म्हटलं की मुलं घाबरून दोन पानं लिहितात. एका वाक्यात सांगायचं तर पंप कमजोर झालाय म्हणून पाणी मागे तुंबतंय. घरातली मोरी तुंबली की पाणी जिथून येतं तिकडेच चढतं ना, तसंच. डावी बाजू कमजोर असेल तर मागे फुफ्फुसं आहेत, म्हणून धाप, आडवं झोपता न येणं, छातीत बुडबुड्यांसारखा आवाज. उजवी बाजू असेल तर मागे सगळं शरीर आहे, म्हणून पाय सुजणं, मानेच्या शिरा फुगणं, पोटात पाणी. दोन याद्या पाठ करायची गरजच नाही, पाणी कुठे तुंबेल एवढं विचारायचं.

मग फ्युरोसेमाइड काय करतं? लघवीवाटे ते पाणी काढतं. म्हणून सकाळी द्यायचं, नाहीतर पेशंट रात्रभर बाथरूमला आणि अंधारात पडायची भीती. आणि औषध लागू पडतंय का हे बघायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग कुठला, तर रोजचं वजन, कारण १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. रोज त्याच वेळी, त्याच काट्यावर, साधारण तेवढेच कपडे घालून आणि लघवी करून आल्यावर. एका दिवसात किलो-सव्वा किलो वाढलं तर ते चरबीचं वजन नाही, पाणीच आहे. पायाची सूज डोळ्यांनी दिसायच्या आधी काटा सांगतो, म्हणून परीक्षेत सूज मोजणं आणि वजन करणं हे दोन्ही ऑप्शन असले तर वजन घ्या.

पण पाणी एकटं जात नाही, जाताना पोटॅशियमही घेऊन जातं. इथून पुढची सगळी गोष्ट पोटॅशियमची आहे.

एका सीटवर दोघांचा डोळा

रक्तात पोटॅशियम साधारण ३.५ ते ५.० मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर असतं. एकक एकदा सांगितलं, आता पुन्हा लिहीत नाही. हृदयाची लय या छोट्याशा पट्ट्यावर चालते, म्हणून ते कमी झालं तरी गडबड आणि वाढलं तरी गडबड.

आता डिगॉक्सिन, ठोका जोरकस पण संथ करणारं हृदयाचं औषध. हृदयाच्या पेशीवर एक जागा असते, तिथे पोटॅशियमही बसतं आणि डिगॉक्सिनही. बसमध्ये एका सीटवर दोघांचा डोळा असतो तसं. पोटॅशियम भरपूर असेल तर डिगॉक्सिनला मोजकीच जागा मिळते, फ्युरोसेमाइडने पोटॅशियम बाहेर काढलं की सीटा रिकाम्या, मग तोच नेहमीचा डोस अंगावर येतो. डोस वाढवलेला नसतो, तरी विषबाधा होते. वरच्या प्रश्नातले ३.० म्हणजे ह्या रिकाम्या सीटा, मळमळ आणि भूक जाणं म्हणजे पहिली खूण आणि ५४ ची नाडी म्हणजे दुसरी. म्हणून आधी डोस थांबवायचा आणि लगेच कळवायचं. मळमळीची गोळी आधी दिली असती तर नेमकी ती खूणच झाकली गेली असती.

ही लक्षणं काही नवीन नाहीत बरं का. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांनी १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह या झाडावर पुस्तक लिहिलं, डिगॉक्सिन त्याच जातकुळीतल्या झाडातून आलं, आणि जास्त झालं की उलट्या होतात, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसतात, नाडी ३५ पर्यंत उतरते हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय.

नाडी मोजायची म्हणजे कशी ते मात्र नीट बघा, कारण पुस्तकात एक ओळ असते आणि सगळे त्यावरून पुढे जातात. मनगटावर नाही, छातीवर, डाव्या बाजूला पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या जागेत, कॉलरबोनच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर स्टेथोस्कोप ठेवायचा. आणि पूर्ण ६० सेकंद. आम्हाला एकदा मोठ्या सिस्टरने करून दाखवलं होतं, पहिल्या ३० सेकंदांत ठोके आले ३२. आम्ही सगळ्या म्हणालो दुप्पट केले की ६४, देऊया. त्या बोलल्या नाहीत, तशाच ऐकत राहिल्या. पुढच्या ३० सेकंदांत आले २४. म्हणजे ५६. मोठ्या माणसात ६० च्या खाली असेल तर डोस द्यायचा नाही हा नियम, आणि आम्ही दिला असता. अनियमित नाडीला अर्ध्या मिनिटाचं गणित चालत नाही हे त्या दिवसापासून मला वेगळं पाठ करावं लागलं नाही.

इन्सुलिन: घड्याळ बघितल्याशिवाय उत्तर देऊ नका

डायबेटिसच्या प्रश्नांत इन्सुलिन कधी दिलं ते वाचा आणि त्याचा जोर कधी असतो ते मोजा, शुगर खाली जायचा धोका त्याच वेळी. लिस्प्रोसारखं झटपट इन्सुलिन साधारण १५ मिनिटांत सुरू होतं आणि तासा-दीड तासात जोरात असतं, म्हणून जेवण समोर आल्याशिवाय टोचायचं नाही. रेग्युलर अर्ध्या तासाने सुरू, जोर २ ते ४ तासांनी. एनपीएच, ते गढूळ दिसणारं, त्याचा जोर ४ ते १२ तासांनी, म्हणजे सकाळी ७ ला दिलं तर ११ पासून संध्याकाळी ७ पर्यंत नजर ठेवायची. ग्लार्जिनला जोराची वेळच नसते, दिवसभर सपाट चालतं, आणि ते दुसऱ्या कुठल्याच इन्सुलिनमध्ये मिसळायचं नाही.

रेग्युलर आणि एनपीएच एका सिरिंजमध्ये भरायचा प्रश्न हमखास येतो. आधी गढूळ बाटलीत हवा सोडायची, मग स्वच्छ बाटलीत हवा, मग स्वच्छ भरायचं, शेवटी गढूळ. का असं? स्वच्छ बाटलीत गढूळचा थेंब गेला तर ती बाटली संथ होते, आणि तीच बाटली उद्या कुणालातरी घाईच्या वेळी लागणार असते. कारण कळलं की क्रम विसरत नाही.

शुगर ७० च्या खाली म्हणजे कमी. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तर १५ ग्रॅम लवकर पचणारी साखर द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही नाही, ते श्वासनलिकेत जाईल, तिथे शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, किंवा मग शुगर चढवणारं ग्लुकागॉन. प्रश्नात "गुंगीत आहे" हा एक शब्द असतो आणि त्याने पूर्ण उत्तर बदलतं, तो शब्द वाचायचा राहतो आणि मार्क जातो.

आणि शुगर खूप वाढून रक्त आम्ल झालं, ज्याला डीकेए म्हणतात, तिथे पुन्हा आपलं पोटॅशियम येतं. इन्सुलिन पेशीचं दार उघडतं साखरेसाठी, पण दार उघडलं की पोटॅशियमही आत घुसतं आणि रक्तातलं झपकन उतरतं. म्हणून इन्सुलिनचं ड्रिप सुरू करण्याआधी पोटॅशियम बघायचं, आधीच ३.५ च्या खाली असेल तर आधी तेच भरून काढायचं. आणि शिरेतून पोटॅशियम कधीही सिरिंजने थेट ढकलायचं नाही, पातळ करून, पंपावर, हळूहळूच. थेट ढकललं तर हृदय बंद पडतं. या एका गोष्टीला अपवाद शोधू नका.

"पण औषधं हजारो आहेत, किती समजून घेणार?"

रास्त प्रश्न आहे. पण औषधांना आडनावं असतात. जागतिक आरोग्य संघटना १९५३ पासून औषधांची सामायिक नावं ठरवते, आणि एका कुटुंबातल्या औषधांना बहुतेक वेळा एकच शेपूट लावते. शेवटी "प्रिल" आलं, एनालाप्रिल, रॅमिप्रिल, तर बीपीचं औषध, कोरडा खोकला येऊ शकतो, पोटॅशियम वाढतं, ओठ-जीभ सुजली तर ताबडतोब बंद. "सार्टन" आलं तर त्याचंच चुलत भावंडं, खोकला फारसा नाही. "स्टॅटिन" आलं तर कोलेस्टेरॉल, आणि स्नायू दुखतात अशी तक्रार हलक्यात घ्यायची नाही.

आणि "लोल". मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल, प्रोप्रॅनोलोल. लोल दिसलं की हसायचं नाही, नाडी आणि बीपी बघायचं. ही औषधं हृदयाला हळू करतात, त्यामुळे डायबेटिसच्या पेशंटची शुगर उतरली की जी धडधड आणि थरथर व्हायला हवी ती झाकली जाते, घाम मात्र येतो, म्हणून घामाला किंमत द्या. प्रोप्रॅनोलोलसारखी काही श्वासनलिकाही आवळतात, दम्याच्या पेशंटच्या चार्टवर दिसली तर प्रश्न तिथेच संपला. शेपटी बघताना घाई नको, पॅरासिटामॉलच्याही शेवटी "ऑल" आहे. आणि हायड्रॅलझिन, हायड्रॉक्सिझिन ही जोडी तर मुद्दाम फसवायला ठेवल्यासारखी आहे, पहिलं बीपी उतरवतं आणि दुसरं खाज कमी करतं.

आवाज थांबला म्हणजे बरं वाटलं?

दम्याचा पेशंट, छातीत शिट्ट्या वाजत होत्या, अर्ध्या तासाने शिट्ट्या थांबल्या, पेशंट थकलेला, बोलत नाही. निम्मा वर्ग लिहितो, औषध लागू पडलं. अहो, शिट्टी वाजायला हवा जावी लागते! हवाच जायची बंद झाली म्हणून आवाज बंद झाला, या पेशंटचा श्वास काही मिनिटांत बंद पडू शकतो. प्रश्नात "अचानक शांत" असं काहीही दिसलं की दचकायला शिका.

दोन इनहेलर असतील तर आधी सॅलब्यूटामॉल, ते नळी उघडतं, मग स्टिरॉइडवालं, म्हणजे ते उघडलेल्या नळीतून खोल जाईल. नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात. आणि अ‍ॅटॅक आलाय तेव्हा स्टिरॉइडचा इनहेलर कामाचा नाही, त्याला वेळ लागतो.

सीओपीडी, म्हणजे बहुतेक करून वर्षानुवर्षांच्या धुराने खराब झालेली फुफ्फुसं, त्या पेशंटचा ऑक्सिजन ९० दिसला की धावत जाऊन वाढवू नका, त्यांच्यासाठी ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं. चार पेशंटपैकी आधी कुणाकडे जाल असं विचारलं तर ह्या ९० वाल्या आजोबांकडे नाही, कालच पायाचं ऑपरेशन झालेल्या आणि आत्ता अचानक धाप लागून छातीत दुखतंय म्हणणाऱ्याकडे, पायातली गुठळी फुफ्फुसात गेली असेल. अपेक्षित लक्षणाचा पेशंट थोडी वाट बघू शकतो, अनपेक्षित लक्षणाचा नाही.

गुठळीचा विषय निघालाच आहे तर पटकन. "रक्त पातळ करणारी गोळी" म्हणतात खरं, पण रक्त पातळ वगैरे होत नाही, गोठायला वेळ लागतो. हेपॅरिन लगेच काम करतं, एपीटीटी बघायचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी), उतारा प्रोटामिन. वॉर्फरिनला पूर्ण जोर यायला दिवस लागतात, आयएनआर बघायचा, तीही गोठण्याचीच तपासणी, बहुतेकांना २ ते ३ हवा, उतारा व्हिटॅमिन के. म्हणूनच सुरुवातीला काही दिवस दोन्ही एकत्र चालतात, ती चूक समजून फोन करायची गरज नाही. आणि हिरव्या पालेभाज्या बंद करा असं पेशंटला सांगायचं नसतं, रोज साधारण तेवढ्याच खा असं सांगायचं.

"वॉर्डमध्ये असं कुणी करत नाही मॅडम"

माहितीये. मीही ड्युट्या केल्यात. पण परीक्षेतल्या वॉर्डात तुमच्याकडे तो एकच पेशंट आहे, हवी ती सगळी साधनं आहेत आणि पाठीमागे कुणी ओरडत नाहीये. तिथे "वेळ नव्हता" हे उत्तर नसतं.

आणि जे कुणी करत नाही त्यालाच अर्थ असतो कधीकधी. गरोदरपणात बीपी वाढलेल्या बाईला झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट चालू असतं, तिथे गुडघ्याखाली हातोडीने ठोकून पाय उडतो का बघायचं असतं. कंटाळवाणं वाटतं, पण मॅग्नेशियम वाढायला लागलं की आधी पायाचं हे उडणं जातं आणि श्वास नंतर मंदावतो. म्हणजे पाय उडायचा थांबला तेव्हा तुमच्या हातात अजून थोडा वेळ असतो. ड्रिप बंद, उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट तयार. श्वास मिनिटाला १२ च्या खाली किंवा लघवी तासाला ३० मिलीच्या खाली गेली तरी तेच, कारण मॅग्नेशियम बाहेर पडतं ते किडनीतूनच.

मॉर्फिनचंही असंच. आधी श्वास मोजायचा. जास्त झालं तर नॅलोक्सोन देतात, पेशंट उठून बसतो, सगळे खूश, आणि मग पुढचा प्रश्न येतो की आता काय? नॅलोक्सोनचा जोर मॉर्फिनच्या आधी उतरू शकतो, म्हणून पेशंट परत झोपेत बुडू शकतो, तिथून हलायचं नाही.

"पण हे तर डॉक्टरांचं काम ना?"

औषध लिहिणं डॉक्टरांचं. पण पलंगापाशी उभी कोण असते? "डॉक्टरांना कळवा" हा ऑप्शन बऱ्याच जणी डोळे मिटून घेतात कारण तो सेफ वाटतो. मी एकच विचारते, फोन लावायच्या आधी तुम्ही स्वतः काही करू शकता का, ज्याने पेशंट आत्ता वाचेल? डोस थांबवणं, ड्रिप बंद करणं, डोकं वर करून बसवणं, ऑक्सिजन लावणं. असं काही ऑप्शनमध्ये असेल तर आधी ते. रक्त चढवताना थंडी वाजून ताप आला, तर फोन नंतर, आधी रक्त बंद. आणि माहितीच अपुरी असेल तर आधी तपासा, कारण तिकडून पहिला प्रश्न येणार, बीपी किती? पण तपासलेलं सगळं प्रश्नातच दिलेलं असताना "पुन्हा तपासा" घेऊ नका, तो वेळकाढूपणा आहे.

एनक्लेक्स, म्हणजे अमेरिकेत नर्सचं लायसन्स मिळवायची परीक्षा, ती देणाऱ्यांसाठी एक बाजूची गोष्ट. त्यात ८५ ते १५० प्रश्न, ५ तास, आणि कॉम्प्युटर तुमच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न ठरवतो, बरोबर आलं की पुढचा अवघड. त्यामुळे पास होणाऱ्यांनाही बाहेर पडताना आपण नापासच असं वाटतं. एप्रिल २०२३ पासून एकाच पेशंटची गोष्ट पुढे पुढे सरकत जाते असेही प्रश्न असतात, आणि "लागू असतील ते सगळे निवडा" मध्ये अर्धे बरोबर आले तरी काही मार्क मिळतात, चुकीचं निवडलं तर त्यातून वजा होतात. म्हणून प्रत्येक ऑप्शन वेगळा वाचून हो की नाही ठरवायचं.

कार्ड कसं बनवायचं, एक करूनच दाखवते

प्रत्येक औषधाला चार ओळी. आत जाऊन काय करतं, देण्याआधी काय बघायचं, दिल्यावर काय बघायचं, काय दिसलं तर थांबायचं. पाचवी ओळ लिहायला जागाच ठेवू नका, नाहीतर पुस्तक उतरवून काढाल.

लिथियम घेऊ, मूडच्या आजारात देतात. पहिली ओळ, किडनीला लिथियम आणि मीठ सारखंच वाटतं. बस, बाकीच्या तीन यातूनच निघतात. शरीरात पाणी-मीठ कमी पडलं की किडनी मीठ धरून ठेवते आणि सोबत लिथियमही. म्हणून देण्याआधी किडनीच्या तपासण्या आणि रक्तातली लेव्हल, ०.६ ते १.२ च्या आसपास, नेहमीच्या तपासणीला शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी रक्त घ्यायचं. दिल्यावर काय, तर पाणी नीट पितोय ना, अचानक मीठ तोडलं नाही ना, अंगदुखीला आयब्युप्रोफेन सुरू केलं नाही ना, कारण त्यानेही लेव्हल चढते. थांबायचं कधी, तर बारीक थरथर सुरुवातीला चालते, पण उलट्या-जुलाब, चालताना तोल जाणं, हात जोरजोरात थरथरणं हे चालत नाही, आणि १.५ च्या वर लेव्हल तर नाहीच नाही.

आता प्रश्न. लिथियमवरची बाई, दोन दिवस जुलाब, हातातल्या ग्लासातलं पाणी हिंदकळून चादरीवर सांडतंय, बोलणं थोडं जड. नर्स आधी काय करेल? जुलाबाची गोळी देईल, भरपूर पाणी प्यायला सांगेल, लिथियमचा डोस थांबवेल, की थरथर हा नेहमीचा साइड इफेक्ट आहे म्हणून धीर देईल? पहिल्या प्रश्नातल्या ६८ वर्षांच्या आजोबांना आठवा. डोस थांबवायचा, लेव्हलसाठी रक्त लगेच पाठवायचं, तिथे १२ तास थांबायचं नाही, आणि फोन लावायचा तो नाडी, बीपी आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते हातात धरून.